बीचवरची विहीर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाटलीतलं पाणी पातळ मधाच्या रंगाचं होतं. बोटभर उंचीची बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी, मानेजवळ एक रेघ. रेघेपर्यंत पाणी भरून हलवलं की पट्टीचा रंग उतरतो आणि पाणी असं पिवळसर होतं. पुढचे चोवीस तास ते तसंच राहिलं तर ठीक. काळं झालं तर पाण्यात मैला मिसळलेला आहे. बाटली याहून जास्त काही सांगत नाही. मैला कुठून आला, किती दिवस येतो आहे, कोण कोण ते पाणी प्यालं, हे तिला माहीत नसतं.

राजेश्रीने बाटली घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळली. डिसेंबरच्या गारठ्यात जंतू वाढत नाहीत आणि बाटली खोटं बोलते, म्हणून तिला अंगाइतकी ऊब लागते. न्हाणीच्या चुलीपासून दोन हातांवर भिंतीत कोनाडा होता. तिथे तिने ती ठेवली आणि पुढे राखेचा डबा सरकवला.

"काय लपवायलीस गं वैनी?"

निकिता दारात उभी होती. ही तिची नणंद. नवरा पूर्णेला रेल्वेत; सातवा लागल्यावर बाळंतपणाला माहेरी आलेली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात वाफ निघणारा ग्लास.

"तपासणीची बाटली हाय."

"आन् हे मपल्या नशिबी गरम पानी. सगळे माठातलं पितेत, मलाच उकळून कामून? मपल्या माहेरच्या विहिरीला काय धाड भरली?"

"डॉक्टरीणबाई म्हनल्या."

"कोनती डॉक्टरीण? मी सोबत व्हते की. लोखंडाच्या गोळ्या खा म्हनली, वजन वाढव म्हनली. पान्याचं तर काई न्हाई म्हनली." निकिता हसली. पण ग्लासातलं पाणी फुंकर घालत प्यायली.

राजेश्रीने राखेचा डबा आणखी पुढे ओढला. गेले पाच महिने तिने बऱ्याच गोष्टींना उत्तर दिलेलं नव्हतं.

ती बारावी सायन्स. लग्न होऊन खोरवाडीत आली तेव्हा गावात सायन्स शिकलेली दुसरी बाई नव्हती. तीन वर्षांपूर्वी पाणी तपासायला बायकांना शिकवायचं ठरलं, तेव्हा सरपंचांनी तिचंच नाव दिलं. चारठाण्यात दोन दिवस प्रशिक्षण झालं, निळी पेटी मिळाली, एक वही मिळाली. महिन्यातून एकदा विहिरीचा नमुना तपासायचा, वहीत लिहायचं, सही करायची. वर्षातून दोनदा पथक येऊन पाहणी करायचं आणि गावाला कार्ड द्यायचं. लाल, पिवळं किंवा हिरवं.

पहिल्या वर्षी पिवळं आलं. ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर विचारणा झाली. दोष राजेश्रीच्या सासऱ्यांवर आला. व्यंकटराव वीस वर्षं गावाला पाणी सोडत होते. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकायचं कामही त्यांचंच. खरं तर पावडर रोज टाकायला हवी. पण चहाला वास येतो, डाळ शिजत नाही म्हणून बायका ओरडायच्या, आणि ते आठ-आठ दिवस टाकत नसत. खाली मान घालून घरी आलेल्या सासऱ्यांना पाहून राजेश्रीला वाईट वाटलं. ती म्हणाली होती, "मामा, निदान नमुन्याच्या आदल्या दिवशी तरी टाकत जा."

एवढंच एक वाक्य. व्यंकटरावांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून नमुन्याच्या आदल्या संध्याकाळी ते बादलीत पावडर कालवत, चुना खाली बसू देत आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडत. दर महिन्याला बाटली पिवळी राहिली. पुढच्या पाहणीत कार्ड हिरवं आलं. आता ते काचेच्या चौकटीत बीचच्या फाटकावर टांगलेलं होतं, खाली राजेश्रीचं नाव.

बीच म्हणजे तळ्याचा काठ. खोरवाडीचं तळं मोठं, मध्ये दोन बेटं, थंडीत परदेशी बदकं उतरतात. दीड वर्षापूर्वी सरपंच बजरंगरावांनी काठावरची दोन एकर काळी माती मुरुमापर्यंत उकरून काढली आणि नदीची पिवळी वाळू आणून पसरली. छत्र्या आल्या, तंबू आले, तंबूंमागे बारा संडास आले. 'परभणीचा गोवा' असा बोर्ड लागला. रविवारी जिंतूर, परभणी, पार नांदेडहून गाड्या यायच्या. फाटकात प्रत्येक पाहुण्याला गावच्या रीतीप्रमाणे गूळ-पाणी. पाणी गावच्याच विहिरीचं, कारण विहीर तिथेच होती, वाळूला लागून, काठापासून चाळीस पावलांवर.

राजेश्रीचा नवरा महारुद्र बीचवर बोट चालवायचा. त्याआधी चार वर्षं तो चाकणला कारखान्यात होता. दिवाळीला आठ दिवस घरी. आता रोज संध्याकाळी घरी यायचा, अंगाला तळ्याचा वास घेऊन.

जुलैत व्यंकटराव दोन दिवस पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले होते. नमुन्याची तारीख टळू नये म्हणून राजेश्रीने स्वतःच पोहरा सोडला. त्या दिवशी विहिरीत पावडर नव्हती. दुसऱ्या दिवशी बाटली डांबरासारखी काळी. तिला आधी वाटलं, आपला हात घाण असेल. सासरे आले, त्यांनी पावडर टाकली, तिने पुन्हा नमुना घेतला. पिवळा. वहीत तिने तोच लिहिला.

मग तिने कुणाला न सांगता आणखी तीन नमुने घेतले. तिन्ही काळे. बाटल्यांत पावडरचं पाणी ओतून, जंतू मारून, तिने त्या परसातल्या लिंबोणीखाली पुरल्या. आता तिथे चार होत्या. कोनाड्यातली पाचवी.

जुलैनंतर सात आठवड्यांनी बबिता गेली.

·

दुपारी भिवराबाई आली. बबिता तिची सून. घर मेंढरांचं, पण बीच झाल्यापासून भिवराबाई फाटकात गूळ-पाणी द्यायला बसायची. पाहुण्यांना फोटोत नऊवार आणि ठसठशीत कुंकू लागायचं, आणि ते दोन्ही तिच्याकडे होतं.

"पोरी, दोन पिना दे गं. उद्या सायेब लोकं यायलेत. बजरंग म्हनला, मावशी, पदर डोक्यावरून ढळू देऊ नको. जशी काय मी ढळू देत व्हते!"

"बसा मावशी."

"बसत न्हाई. मेंढरं खोळंबलीत. त्यांचं निराळंच दुखनं. तळ्यावर नेलं की हुंगतेत आन् माघारी फिरतेत. वाळूच्या अंगानं एक बी तोंड लावत न्हाई. येडबा पार वरल्या अंगाला नेतो आता, दीड कोस." येडबा म्हणजे तिचा मुलगा, बबिताचा नवरा. "मुकं जित्राब. त्याला काय वास येतो, देव जाने."

तिची नजर चुलीकडे गेली. एका बाजूला माठ, एका बाजूला झाकलेलं पितळी पातेलं. निकिता त्यातूनच ग्लास बुडवून घेत होती.

"ते काय उकळलंय?"

"पानी," निकिता म्हणाली. "मपल्यासाठी. वैनीचं याड."

भिवराबाई काही वेळ पातेल्याकडे पाहत राहिली. मग निकिताच्या पोटाकडे. आवाज चढला नाही, उलट थोडा उतरला.

"बबिताला आठवा व्हता. डोळे हळदीवानी पिवळे झाल्ते. परभनीला डॉक्टर म्हनला, गरवार बाईला ही कावीळ लय वंगाळ. पान्यातून झाली म्हनला. मी म्हनलं, आमी समदेच तर तेच पानी पितो, मंग हिलाच कशी?" ती राजेश्रीकडे वळली. "तू शिकलेली हायेस. उकळून पाजलं असतं तर जगली असती का गं?"

राजेश्रीच्या हातात पिनांची डबी होती. दोनच पिना हव्या होत्या. तिने पाच मोजल्या, तीन परत ठेवल्या.

"सांगता येत न्हाई, मावशी."

हे उत्तर चुकीचं नव्हतं. काळी बाटली कावीळ दाखवत नाही, फक्त मैल्याची वाट उघडी आहे एवढं दाखवते. पुस्तकातल्या हिशेबाने दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला पाच-सहा आठवडे लागतात. तो हिशेब राजेश्रीने भाद्रपदात एकदाच केला होता. पुन्हा करावा लागला नाही.

भिवराबाईने पिना पदरात खोचल्या. "देवाचीच मर्जी," ती म्हणाली, आणि जाताना निकितावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "पी गं माय. उकळूनच पी."

·

उन्हं उतरताना राजेश्री विहिरीवर गेली. व्यंकटराव कठड्याशी वाकून बादलीत लाकडाने ढवळत होते. पावडरचा तिखट वास दूरवर येत होता. उद्या पाहणीचं पथक येणार होतं. त्यांच्या हिरव्या कार्डावर बीचला पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला की विहिरीपलीकडची आणखी दोन एकर काळी माती उकरायची होती. पोकलेन आजच येऊन उभं होतं, सोंड वाळूत टेकवून.

"ये. उद्यासाठी चांगली दोन पळ्या जास्तीच टाकायलोय," व्यंकटराव म्हणाले. "तुपला नमुना एकदम झकास निघतो का न्हाई बघ."

"मामा, नमुना मी सकाळीच घेतला."

लाकूड थांबलं. "पावडरीच्या आदी?"

"हाव."

"मला न सांगता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता; जेवायला न बोलावल्यासारखं काहीतरी होतं. "पाव्हने यायच्या आदी आपुन आंगन झाडतो का न्हाई? मंग? न झाडलेल्या आंगनाचा फोटू काढून काय करतीस?"

"आंगन रोजच झाडायचं असतं, मामा. ते मी तुमाला तवाच सांगायला पायजे व्हतं."

"वास येतो म्हनून तर तुमी बायाच वरडता." ते पुन्हा ढवळू लागले. मग त्यांचं तोंड उजळलं. "आन् इहीर कुठं वंगाळ हाय? अवंदा तर झरे लय जिवंत झालेत. आरं, पहिलं तळ्याला पानी चढलं की इहिरीला चढायला आठ-धा दिस लागायचे. मी दोराच्या गाठी मोजतो. अवंदा तळ्याला सांजच्याला चढलं, की इहिरीत दुसऱ्या दिवशी एक गाठ वर. देवानं दिलंय."

राजेश्रीने दोराकडे पाहिलं. हातभर अंतरावर एकेक गाठ, वीस वर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेली. हे तिला माहीत नव्हतं. इतके महिने तिला फक्त बाटल्या दिसत होत्या, वाट दिसत नव्हती.

काळी माती ओली झाली की फुगते. भेगा मिटतात आणि पाणी आडवं जाऊ शकत नाही. म्हणून तर तळ्याचं पाणी इतकी वर्षं तळ्यात राहिलं आणि विहिरीचं विहिरीत. ती माती काढली. खाली मुरूम, वर वाळू. दोन्ही चाळणीसारखे. आणि या चाळणीत बारा संडासांचे खड्डे. सासरे ज्याला जिवंत झरे म्हणत होते ते तळ्याचंच पाणी होतं, खड्ड्यांना धुऊन एका रात्रीत चाळीस पावलं चालून येणारं. परवापासून ते पोकलेन उरलेली माती काढेल. गावाकडच्या बाजूची.

"वैनी!" सरपंच बजरंगराव वाळूवरून येत होते. हातात नारळ, मागे मंडपवाले. "उद्या तुमाला स्टेजवर बसायचं हाय. दोन शब्द बोला. आमच्या विहिरीचं पानी कसं शुद्ध हाय, दोन वर्सं हिरवं कार्ड कसं. तुमचं बोलनं शास्त्राचं. माझं बोलनं सरपंचाचं. त्याला कोन इचारतंय?" ते स्वतःच मोठ्याने हसले. व्यंकटरावही हसले.

"बजरंगभाऊ, ती माती काढू नका अजून."

"कामून?"

शब्द तोंडापर्यंत आले होते. वाळूच्या कडेला महारुद्र बोटीला नवा पिवळा रंग देत होता. त्याने हात वर करून ब्रश दाखवला.

"नुस्तं म्हनले. पावसाळ्यात... घसरन होते."

"त्याचा बंदोबस्त करू की," बजरंगराव म्हणाले आणि नारळ घेऊन पोकलेनकडे गेले.

व्यंकटरावांनी बादली कलती केली. निवळ पाणी आवाज न करता विहिरीत उतरलं.

·

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने घोंगडी उलगडली. बाटली काळी होती. काचेमागे बोट धरून पाहिलं तरी ते दिसत नव्हतं.

"झाली?" महारुद्र मागे उभा होता. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल.

तिने वळून पाहिलं. "तुमाला माहीत हाय?"

"लिंबोनीला आळं करताना दोन सापडल्या. दसऱ्याच्या टायमाला." तो चूळ भरून आला. "मी परत पुरल्या."

राजेश्रीने बाटली पुन्हा घोंगडीत गुंडाळली. घरातून निकिताचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"आज नको," महारुद्र म्हणाला. "पथक जाऊ दे. सोमवारी मी सोता बजरंगभाऊशी बोलतो. घरात बसून, शांततेत. मान्सं हायेत, समजून घेतील."

"पोकलेन उद्याच चालू व्हतंय."

"मंग मंगळवारी बंद करतील." त्याला स्वतःलाच ते पटलं नसावं. तो उकिडवा बसला. "हे बघ, बीच बंद पडलं तर मी पुन्हा तिकडंच. तीच चाकणची कंपनी, तीच खोली. निकिताचं लेकरू मला वळखनार बी न्हाई. तुला वाटंल मी... पन आजचं पानी तर चांगलं हाय का न्हाई? आबानं काल पावडर टाकली."

आजचं पाणी चांगलं होतं. ती सहाला उठून विहिरीवर जाऊन आली होती. पावडर मोजायच्या नळीत औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी गर्द पिवळं झालं. पावडर पुरेशी होती. आज कुणी ते पाणी पिऊन आजारी पडणार नव्हतं. पथकाची बाटलीसुद्धा काळी होणार नव्हती. ती गप्प बसली तर आजच्या दिवसापुरतं सगळं खरंच राहणार होतं.

"हाव," ती म्हणाली. "आजचं चांगलं हाय."

महारुद्रने सुटकेचा श्वास टाकला आणि अंघोळीला गेला.

·

मंडप वाळूवरच होता. खुर्च्यांचे पाय एका बाजूला रुतत होते. शाळेच्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं. पथकाचे चार जण पुढे बसले, त्यांच्यामागे गाव. निकिताही आली होती, बायकांमध्ये, पोटावर पदर घेऊन. तळ्यात बदकं नव्हती. गेल्या वर्षी या दिवसांत त्यांनी दोन्ही बेटं काळी दिसायची.

फाटकाजवळ भिवराबाई. दोन पिनांनी पदर पक्का, हातात तांब्या, शेजारच्या ताटात गुळाचे खडे. तिने पथकातल्या प्रत्येकाला गूळ दिला, पाणी दिलं. मग गावातल्या बायकांकडे वळली.

बजरंगरावांचं भाषण लांबलं नाही. "...आन् आता आमच्या राजेश्रीवैनी. गावची सून, पन शास्त्र शिकलेली. आमच्या इहिरीच्या पान्याबद्दल त्याच सांगतील."

राजेश्री उठली. माइक तिच्यासाठी खूप उंच होता. कुणीतरी तो खाली केला. तिने पदराखाली धरलेली बाटली टेबलावर ठेवली. पांढऱ्या कापडावर ती फार लहान दिसत होती. पुढच्या रांगेतले साहेब चष्मा सावरून वाकले. त्यांना ती कळली असावी.

"आजचं पानी चांगलं हाय," ती म्हणाली.

बजरंगरावांनी टाळी वाजवली. मागून आणखी काही टाळ्या आल्या. महारुद्र बोटीपाशी उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही.

"कारन काल सांजच्याला मामांनी पावडर टाकली. नमुन्याच्या आदल्या दिवशी टाकायची, हे त्यांना मीच सांगितलं व्हतं. चूक त्यांची न्हाई. ही बाटली पावडर टाकायच्या आदीची हाय."

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेच्या टोकाला व्यंकटराव होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काळी माती काढली तवापासून संडासाचं पानी इहिरीत यायलंय. ही माती आता काढू नका. इहीर आजपासून प्यायला बंद करा. ते हिरवं कार्ड खोटं हाय, त्याच्यावर माझी सही हाय."

"वैनी, जरा..." बजरंगराव अर्धे उठले.

तिने तिकडे पाहिलं नाही. बायकांच्या रांगेत भिवराबाई निकितासमोर तांब्या घेऊन उभी होती. तांब्या कलता होता, पाणी अजून पडलेलं नव्हतं. निकिताची ओंजळ पुढे होती.

राजेश्रीने माइक बाजूला केला. एवढ्या अंतरावर त्याची गरज नव्हती.

"भिवरामावशी," ती म्हणाली, "मला जुलैपासून माहीत व्हतं. बबिता जित्ती व्हती तवापासून."